माझ्या आईचं बोलणं, पायलच्या तोंडून

३ नोव्हेंबर, सोमवार. अमरावती

नवी बॅच सुरू. सात जण. सगळ्यांचे आईबाप बहिरे, सगळे लहानपणापासून घरचे दुभाषी. दवाखाना, बँक, रेशन दुकान, शाळेतली पालकसभा, सगळीकडे ही पोरंच मधे उभी राहिलेली. माझ्यासारखीच. खुणांची भाषा यांना शिकवावी लागत नाही, सवयी मोडाव्या लागतात. त्यासाठी सहा आठवडे.

पहिली सवय नेहमीचीच. एकाला खुर्चीवर बहिरा म्हणून बसवलं, दुसऱ्याला दुभाषी केलं. सगळे एकजात म्हणतात, "आई म्हणते की तिला चक्कर येते." म्हटलं, आई म्हणते नाही. "मला चक्कर येते" म्हणायचं. तोंड तुमचं असलं तरी बोलणारं माणूस ते आहे. एक वाजेपर्यंत हेच चाललं. नांदगाव पेठेचा गौरव म्हणतो, मॅडम, लाज वाटते हो, मी कसा आई होऊ?

एक पायल म्हणून आहे. अकोल्याची, बावीस वर्षांची, आईबाप भाजी विकतात. इथं मावशीकडे राहते, रविवारी घरी जाते. तिनं पहिल्याच खेपेला ठोकून दिलं, "मले चक्कर येऊन राहिली डॉक्टरसायेब, आन् तुमी मोबाईल पाहून राहिले." वर्ग हसला, मीही हसले.

मला हे जमायला दोन वर्षं लागली होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज 'मिटवणं'. माझा आवडता तास. आपल्यासारखी पोरं सांगत नाहीत, मिटवतात. घरमालक शिवी देतो, आपण आईला सांगतो "भाडं वेळेवर द्या म्हणतो". आई उलटून बोलते, आपण मालकाला सांगतो "हो म्हणते". दोघं खूश. दोघांनाही माहीत नाही काय झालं ते. सातव्या वर्षापासून पंचायत करत आलो आपण.

प्रत्येकानं मिटवलेली एक गोष्ट सांगायची होती. गौरव रडला. पायलची (इथं नुसतं पा.) पाळी आली तर म्हणते, "मी नाई मिटवलं कधी. गिऱ्हाईकानं बाबाले शिवी देल्ली तं मी शिवीच सांगतली. मंग बाबानं त्याले वांगं फेकून मारलं." आणि पुढं, "लहान होती ना मॅडम, मले वाटे सांगणंच असते."

तिला वाटे सांगणंच असते! आम्ही मूर्खच मग. घरी येऊन चहा केला तरी डोक्यातून जाईना.

९ नोव्हेंबर, रविवार. अकोला

आईकडे. बाबा गेल्याला चार वर्षं झाली, आई अजून त्याच दोन खोल्यांत, उत्तमकाकांच्या अंगणात. सकाळी फुलांच्या दुकानावर बसते, हार करते. काकांचंच शेत, काकांचंच दुकान. शेवंती भरपूर आली आहे. आईचे हात पिवळे.

इथं खरं लिहायलाच हवं. दिवाळीत काका म्हणाले होते, "गणेशचं लग्न करतो माघात. पोराले खोल्या लागतीन. तुया मायले इचार बाई, तिचं काय म्हणणं हाय." मी आईला विचारलंच नाही. तिथल्या तिथं काकांना म्हटलं, "आई तयार आहे, माझ्याकडे येईल." आणि आईला हातांनी सांगितलं, "काका म्हणतात, आता लेकीकडे जा." काका असं म्हणाले नव्हते, आईही काही म्हणाली नव्हती. माझ्या घरी मी एकटी, दोन खोल्या, वर गच्ची. मला आई हवी होती, म्हणून ठरवून टाकलं.

आज विचारलं, मार्गशीर्षात येतेस ना? ती हसली आणि फुलांच्या टोपलीकडे बोट दाखवलं. मी हो धरलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

देशमुख सर (आमचे संस्थाचालक, मन चांगलं, डोक्यावर केस नाहीत) म्हणाले, सरावाला खरे बहिरे लोक पाहिजेत. "सुनंदाताई, तुमच्या आईंना बोलवा ना. किती वर्षं टाळता?"

हो म्हटलं. का? खरं सांगू का, मिरवायला. पोरांनी पाहावं, मॅडमची आई अशी, मॅडम अशा वाढल्या. शिवाय पा. लाही कळेल की हात कुणाचे बघायचे असतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आई आली. सकाळच्या बसनं, एकटी, अंगावर मोरपंखी लुगडं. आल्या आल्या सगळ्या पोरांचे हात हातात घेऊन पाहिले.

सर डॉक्टर झाले, आई पेशंट. दुभाषी पा. ठरल्याप्रमाणे सरांच्या शेजारी बसली, म्हणजे आईला दोघंही दिसतात. मी मागं, वही घेऊन.

सरांनी विचारलं, काय त्रास आहे? आईचे हात सुरू झाले आणि पा. चं तोंड. जसंच्या तसं लिहिते:

"डॉक्टरसायेब, तुमचे केस गेले तसे माहे गुडघे गेले. तुमी केसाले काय लावता ते सांगा, मीबी गुडघ्याले लावून पाहीन. काही लावत नसान तं मंग आपण दोघंबी सारखेच. फी कायची देऊ?"

वर्ग खाली पडायचा बाकी होता. सर डोळे पुसत हसले. आई खुर्चीत रेलून, राणीसारखी, सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होती. तिला माहीत होतं आपण काय केलं ते. खोलीभर माणसं आपल्या बोलण्यावर हसताना तिनं पाहिली. मी सोबत असताना हे कधी झालं नाही. तीस वर्षं मी डॉक्टरांना सांगत आले, "आईचे गुडघे दुखतात हो."

आणि वऱ्हाडी! मी आईच्या तोंडी नेहमी शुद्ध मराठी घातली. "कृपया", "जरा बघता का". जन्म अकोल्याचा, फुलाच्या दुकानावर बसते, बोलली असती तर अशीच बोलली असती की. मी तिला आयुष्यभर शाळेतल्या बाईंसारखं बोलायला लावलं.

संपल्यावर दोघी पायऱ्यांवर बसल्या. तासभर. मी दोनदा जाऊन चहा विचारला. आईनं मान न वळवता नको केलं. मला! निघताना आईनं पा. ला नाव दिलं. खुणेचं नाव. नाकपुडीशी बोट नेऊन चिमटीनं फिरवायचं, तिच्या चमकीवरून. शेजारच्या काकूंना नाव द्यायला आईनं चार वर्षं लावली होती. हिला एक तास.

जळले. लिहूनच टाकते. सपशेल जळले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कालच्या सरावाचे गुण भरले. पा. : २५ पैकी ११. शेरा: "पदरची भर घालते. विनोद करण्याचा मोह."

संध्याकाळी सरांनी बोलावलं. त्यांनी चित्रीकरण पाहिलेलं. सरांना खुणा चांगल्या कळतात, त्यांचा भाऊ बहिरा. "ताई, भर कुठं आहे? आई म्हणाल्याच आहेत की हे." मी म्हटलं, ओघ वेगळा होता. ते म्हणाले, "आवाज बंद करून बघा."

पाहिलं, आवाज बंद करून. केसांची खूण, गुडघ्यांची खूण, मधे भुवया उडवणं, "दोघं सारखे" करताना सरांच्या टकलाकडे आणि स्वतःच्या गुडघ्याकडे बोट. सगळं आहे. एक शब्द पा. चा नाही.

म्हणजे आई हे असं बोलत आली आणि मी पाहत आले. मला दिसत नव्हतं असं म्हणू शकत नाही. मी घाईत असायची. लोक खोळंबलेले, डॉक्टर घड्याळ बघणारे, आणि मला शाळेत जायचं असायचं.

अकराचे तेवीस केले. खाडाखोड झाली, तिथं सही करावी लागली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आईनं पा. चा नंबर मागून घेतला म्हणे. सरांकडून. मला विचारलं नाही.

आज चारदा व्हिडिओ कॉल लावला, चारही वेळा दुसऱ्या कॉलवर. पाचव्यांदा लागला. आईच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, दुसऱ्या कुणाच्या गप्पांचं. जेवलीस का? जेवले. गुडघे? ठीक. दोन मिनिटांत आटोपलं. मी म्हटलं, पा. शी काय बोलत होतीस? आईनं हात हलवून उडवून लावलं, "काही नाही, नंतर सांगते."

हे माझंच वाक्य आहे. घरात पाहुणे बोलत असायचे, आई माझं कोपर ओढून विचारायची काय म्हणतात, आणि मी हेच करायची. काही नाही, नंतर सांगते.

३० नोव्हेंबर, रविवार. अमरावती

अकोल्याला गेले नाही. मुद्दाम. म्हटलं पाहू आठवण येते का.

दुपारी काकांचा फोन. "अवं सुनंदा, हे काय होये? मी दुकानावर गेल्तो. तुया क्लासातली थे पोरगी तुया मायजवळ बसून होती. मी सहज म्हटलं, वहिनी, मंग कवा जाता अमरावतीले, तुमीच तं म्हणाल्या होत्या. तं पोरगी म्हणते, 'मी कधी म्हटलं? मले तं तुमी जा म्हणाले.' मी म्हटलं, बाप्पा! मी काहून जा म्हणीन? माह्या भावाची बायको होय थे. आमाले मधातल्यामधात कोनं फिरवलं वं?"

मी म्हटलं, काका, गैरसमज झाला असेल. काका म्हणाले, "तुई माय फुलं तशीच टाकून घरात गेली." फोन ठेवला.

आपलं काळीज आपणच चावून खावं असं होतंय.

१ डिसेंबर, सोमवार

तास संपल्यावर पा. ला थांबवलं. काल काय झालं? आई काय बोलली? रागावली का? रडली?

ती बॅगेचा पट्टा पिळत उभी. "मॅडम, तुमीच शिकवलं. आईकलं ते बाहेर सांगाचं नाई."

"मी मुलगी आहे तिची."

"म्हणूनच तं," म्हणाली. मग घाबरली, सॉरी म्हणाली, पण सांगितलं नाहीच. बरोबर होतं तिचं. एक कानफटात द्यावीशी वाटली, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काही केलं नाही. म्हटलं, जा, बस चुकेल.

४ डिसेंबर, गुरुवार

आईचा व्हिडिओ आला. स्वयंपाकघराच्या ओट्याला मोबाईल टेकवलेला, मागं पातेली. नेहमी हसून सुरुवात करते, आज नाही. म्हणाली: रविवारी काकांच्या घरी बसायचं. काका, काकू, मी, तू. खोल्यांचं ठरवायचं. तू ये. बोलायला पायल येईल.

मी लगेच कॉल केला. मी असताना पायल कशाला?

आई: तूच शिकवतेस ना पोरांना, घरच्यांसाठी दुभाषी व्हायचं नाही म्हणून? माझ्याच नियमाच्या खुणा, एकेक करून. पायलची वही वाचलेली दिसते.

मी म्हटलं, तो नियम पोरांसाठी आहे. आई म्हणाली, "तू कोण आहेस?"

कट केला मी. आईचा फोन आयुष्यात पहिल्यांदा कट केला.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. फळ्यावर लिहिलं: प्रात्यक्षिक परीक्षा रविवार, ७ डिसेंबर, सकाळी १०. गैरहजर राहील त्याला प्रमाणपत्र पुढल्या बॅचबरोबर.

पोरं कुरकुरली. पा. नं फळा वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत फळा. सगळे गेल्यावर टेबलाशी आली. मला वाटलं विनवेल. म्हणाली, "मॅडम, मी पुढल्या बॅचले देईन परीक्षा. तुमच्या मायले जबान देल्ली."

"दवाखान्यात ठरलेली नोकरी जाईल तुझी. प्रमाणपत्र मागितलंय त्यांनी या महिन्यात."

"हो ना," म्हणाली. बस, एवढंच.

गेली. मी वर्गात बसून राहिले. बावीस वर्षांची पोरगी, भाजीवाल्याची लेक, नोकरीवर पाणी सोडायला निघाली, कारण माझ्या आईला शब्द दिला. आणि मी आईची सख्खी लेक, फळ्यावर खडूनं काय लिहून बसले आहे.

उठून पुसलं. सगळ्यांना निरोप पाठवला: परीक्षा मंगळवारी. रविवारी मॅडमचं घरी काम आहे.

७ डिसेंबर, रविवार. अकोला

काकांची बैठकीची खोली. काका पलंगावर, शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत पा., समोर आई. काकू दाराशी कांदे चिरत. मला कुठं बसायचं कळेना. आयुष्यभर माझी जागा पा. बसली तिथं. शेवटी भिंतीशी बसले. काका बोलायला लागले की माझे हात आपोआप वर यायचे. मांडीखाली घेऊन बसले, खरंच.

आई बोलली (पा. च्या तोंडून, आता मला पा. चा आवाज ऐकूच येत नव्हता, आईच बोलत होती):

"भाऊजी, खोल्या पोराले पाह्यजे तं घ्या. त्याचं लग्न होय, माहं काही म्हणणं नाई. पण मले इचारून घ्या. मी बहिरी हाय, मेली नाई."

काकांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "वहिनी, चुकलं. मी पोरीच्या भरवशावर राह्यलो."

मग आई माझ्याकडे वळली. मी हातांनीच बोलायला गेले, तिनं थांबवलं. "तोंडानं बोल. सारे आईकतीन असं."

मी म्हटलं, आई, मला तू हवी होतीस घरी. एकटीला कंटाळा येतो. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही. बोलताना आवाज फाटला. पा. नं तेही हातांत आणलं, फाटणं. मी पाहिलं.

मग आई:

"येईन का नाई ते मंग सांगीन. आधी मले एक सांग. तुया बापाच्या तेरवीले दिवसभर लोकं बसून होते. त्याच्या टेलरिंगच्या दुकानातले आले, जुने गिऱ्हाईक आले, त्याच्या शाळेतला दोस्त आला नागपूरहून. सारे बोलत होते त्याच्याबद्दल. हसत होते, रडत होते. मी पाहत होती, एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे. तुले इचारलं काय म्हणतात. तू म्हटलं, 'बाबा फार चांगले होते म्हणतात. सगळ्यांना आठवण येते म्हणतात.' दोन गोष्टी. दिवसभराच्या दोन गोष्टी, सुनंदा. माह्या नवऱ्याबद्दल लोकं काय बोलले ते मले आजवर मालूम नाई."

काकूची विळी थांबली होती. पा. चे डोळे भरले, पण हात आणि तोंड सोडून ती कुठं हलली नाही. तेवीस नाही, पंचवीस द्यायला हवे होते.

"ते सांग मले," आई म्हणाली. "सारं सांग. पुढल्या रविवारी ये. मंग ठरवू कुठं राहाचं ते."

मी विचारलं, पायललाही बोलवू?

"नाई. तू एकटी ये."

१० डिसेंबर, बुधवार. अमरावती

काल परीक्षा झाली. पा. पास, पहिली. सरांनी पेढे वाटले. मी तिला म्हटलं, पायल, तू माझ्यापेक्षा चांगली आहेस. लाजली, म्हणाली, "काहीही काय मॅडम." खरं सांगायचं तर अजून थोडं जळतं. पण पेढा खाल्ला.

"तू एकटी ये." महिनाभर हेच ऐकायचं होतं मला. ऐकलं, आणि तेव्हापासून झोप उडाली.

सोमवारपासून वही उघडून बसते आहे. वर लिहिलंय, 'तेरवी, कोण काय म्हणालं.' माणसं आठवतात. टेलरिंगवाले सलीमभाई, पांढरा शर्ट. नागपूरचे दोस्त, आईकडे पाठ करून माणसांत रडत बसले होते. एक म्हातारे गिऱ्हाईक, ज्यांनी बाबांनी शिवलेला कोट आणला होता, तो उलटा करून आतलं अस्तर दाखवत होते सगळ्यांना आणि काहीतरी सांगत होते. लोक हसले होते. कशावर हसले?

सगळ्यांची तोंडं हलताना दिसतात. मी तिथं होते, मला ऐकू येत होतं, त्या घरात धड ऐकणारी पोटची लेक मी एकटी. आणि मला आठवतात फक्त त्या दोन गोष्टी, ज्या मी आईला सांगितल्या. बाबा फार चांगले होते. सगळ्यांना आठवण येते.

काकांना फोन केला. म्हणाले, "अवं, मी तं पंगतीच्या धावपळीत होतो. मले काय मालूम? तूच होती ना तिथं बसून."

सलीमभाईंचा पत्ता घेतला आहे. कोटवाले आजोबा जुन्या शहरात राहतात म्हणे, आहेत की नाहीत कोण जाणे. उद्या रजा टाकली. सकाळची पहिली अकोल्याची बस.